शब्द पुढें गेले, अटी मागें राहिल्या



पुण्यामुंबईकडील ज्या घरांतून मुलगा, सून किंवा नात संगणकाच्या धंद्यांत आहे, त्या घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं कांहीं शब्द आतां नित्य कानांवर पडतात. ‘आमचा स्प्रिंट संपत आला’, ‘उद्यां सकाळीं स्क्रम आहे’, ‘कानबानच्या फळ्यावर अजून चाळीस कामें लटकलेलीं आहेत’, असें बोलणें चालतें आणि वडील माणसें नुसती मान डोलावतात. अर्थ विचारावा, तर ‘तें तुम्हांला समजणार नाहीं’ असें उत्तर मिळतें. मला तर पुष्कळदां असा संशय येतो कीं, बोलणाऱ्यालाही शब्दाचा उपयोग तेवढा ठाऊक असतो, त्याचें कुळ ठाऊक नसतें. आयुष्यभर शाळेंत इतिहास आणि गणित शिकविलेल्या माणसाला कुळाची चौकशी करण्याची खोड असावयाचीच. ती चौकशी आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

ह्या धंद्यांतील मोठे शब्द बहुतेक परक्या धंद्यांतून उसने आणलेले आहेत. तें गैर नव्हे. नवा धंदा नवे शब्द आणणार कोठून? परंतु उसनवारी करतांना एक गोष्ट वारंवार घडलेली दिसते. शब्द पुढें आला आणि त्याबरोबर मूळ माणसानें घातलेली अट मागेंच राहून गेली.

प्रथम ‘सॉफ्टवेअर’ हाच शब्द घेऊं. आपल्याकडे गांवोगांव हार्डवेअरचें दुकान असतें. तेथें खिळे, कड्या, बिजागऱ्या, कुलपें मिळतात. इंग्रजींत त्या शब्दाचा जुना अर्थ हाच आहे. संगणकाच्या तारा आणि यंत्रभाग ह्यांना हार्डवेअर म्हणूं लागले, तेव्हां त्या यंत्राला काम सांगणाऱ्या आज्ञावलीस त्याच्या जोडीला सॉफ्टवेअर, म्हणजे मऊ सामान, असें नांव पडलें. सुप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी ह्यांच्या १९५८ सालच्या एका लेखांत हा शब्द ह्या अर्थानें छापलेला आढळतो.

आज्ञावलींतील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, असें म्हणतात. ह्याची एक गोड कथा सांगण्यांत येते. १९४७ सालच्या सप्टेंबरच्या ९ तारखेस हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ नांवाच्या संगणकांत एक पतंग अडकून मेलेला सांपडला, आणि तेव्हांपासून हा शब्द रूढ झाला, अशी ती कथा. पतंग खरा आहे. चिकटपट्टीनें लावलेला तो पतंग आणि ती नोंदवही आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. परंतु त्या नोंदींतच, किडा प्रत्यक्ष सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा आशयाची थट्टा आहे. शब्द आधींच चालू नसता, तर थट्टेला जागा कोठली? विजेच्या दिव्यामुळें प्रसिद्ध झालेले एडिसनसाहेब १८७८ सालींच आपल्या पत्रांत यंत्रांतील बारीकसारीक दोषांना किडे म्हणत होते. कथा गोड असली कीं तिचा दाखला कोणी तपासीत नाहीं, हा अनुभव इतिहासाच्या मास्तराला नवा नाहीं.

येथवर नुसतीं नांवें झालीं. धंद्याच्या पद्धतींचा इतिहास खऱ्या अर्थानें सुरू होतो तो १९६८ सालीं. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश ह्या डोंगरांतल्या गांवीं नाटो संघटनेच्या विज्ञान-समितीनें एक परिषद भरविली. ११ देशांतून सुमारें ५० तज्ज्ञ जमले. यंत्रें वर्षागणिक वेगवान होत होतीं. परंतु त्यांवर चालावयाच्या मोठ्या आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नव्हत्या, खर्चाचे अंदाज कोसळत होते, आणि काम पुरें झालें तरी तें भरंवशाचें नसे. परिषदेला ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ असें नांव दिलें होतें. हें नांव मुद्दाम डिवचण्यासाठीं निवडलें होतें, असें वृत्तांताचे संपादक पीटर नाउर आणि ब्रायन रँडेल ह्यांनीं स्वच्छ लिहून ठेविलें आहे. पूल बांधणारा इंजिनिअर आधीं भाराचें गणित करतो; तसला शास्त्राचा पाया आपल्या धंद्याला नाहीं, ही उणीव सर्वांना बोंचावी, हा हेतु. योगायोग असा कीं, त्याच १९६८ सालीं मुंबईंत टाटांची संगणक-सल्लागार कंपनी निघाली, आणि पुढें हेंच डिवचणारें नांव आपल्या लाखों मुलांच्या नेमणूकपत्रांवर हुद्दा म्हणून छापलें गेलें. हुद्द्याला बोंचणी नसते.

ह्या धंद्यांत कामाची मोजदाद ‘मॅन-मंथ’ ह्या मापानें करतात. आपण त्याला माणूस-महिना म्हणूं. शाळेंत आपण सर्वांनीं त्रैराशिकाचीं उदाहरणें सोडविलीं आहेत. १० गवंडी एक भिंत १५ दिवसांत बांधतात, तर ३० गवंडी किती दिवसांत बांधतील? उत्तर, ५. माणूस-महिना हें माप ह्याच त्रैराशिकावर उभें आहे. आयबीएम कंपनीनें १९६४ सालीं सिस्टिम-३६० नांवाची संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या मुख्य आज्ञावलीच्या कामावर फ्रेडरिक ब्रुक्स हे प्रमुख होते. काम लांबत गेलें आणि माणसें वाढत गेलीं. ह्या अनुभवावर ब्रुक्स ह्यांनीं १९७५ सालीं एक पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या नांवांतच हें माप म्हणजे एक भाकडकथा आहे असें सुचविलें. उशीर झालेल्या कामांत नवीं माणसें घातलीं, तर उशीर वाढतो, असा त्यांचा सिद्धांत. कारण सोपें आहे. नव्या माणसाला शिकविण्यांत जुन्याचा वेळ जातो. शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशीं बोलावें लागतें. ५ माणसांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, १० माणसांत ४५, आणि ३० माणसांत ४३५. गवंडी भिंत बांधतांना फारसें बोलत नाहींत, म्हणून त्यांचें त्रैराशिक सुटतें. पुस्तक इतकें गाजलें कीं त्याचें नांव धंद्यांतल्या प्रत्येकाला पाठ आहे. माणूस-महिन्याचा हिशेबही अजून चालूच आहे.

आतां ‘धबधब्या’कडे येऊं. इंग्रजींत ह्या पद्धतीचें नांव ‘वॉटरफॉल’. तिच्यांत काम पायऱ्यापायऱ्यांनीं खालीं उतरतें. गिऱ्हाइकाला काय पाहिजे तें प्रथम लिहून घ्यावयाचें, मग विश्लेषण, मग आराखडा, मग प्रत्यक्ष आज्ञावली, मग तपासणी, शेवटीं वापर. एक पायरी उतरलों कीं पुन्हा वर पाहावयाचें नाहीं. पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून ह्या पद्धतीचे जनक म्हणून विन्स्टन रॉइस ह्यांचें नांव दिलेलें असतें, आणि पाठोपाठ त्यांच्या १९७० सालच्या निबंधाचा दाखला असतो. दाखला देणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तो निबंध उघडला असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

रॉइस हे अंतराळयानांच्या कामांतले. यानाच्या प्रवासाची आंखणी, त्याला द्यावयाच्या आज्ञा, उड्डाणानंतरची छाननी, ह्यांसाठीं लागणाऱ्या आज्ञावलींच्या कामांत त्यांनीं नऊ वर्षें काढलीं होतीं. निबंध अवघा ११ पानांचा. त्यांत पायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृति खरोखरच आहे. परंतु आकृतीच्या लगेच पुढें रॉइस सांगतात कीं, कल्पना पटण्याजोगी असली तरी ती अशा सरळ रीतीनें राबविणें जोखमीचें आहे आणि त्यांतून अपयशच हातीं येण्याचा संभव आहे. कारणही देतात. तपासणी अगदीं शेवटीं येते. यंत्राचा वेग, सांठवणीची जागा, माहितीची आंत-बाहेर होणारी ये-जा, ह्यांचा खरा अनुभव तेथें पहिल्यानें येतो. तोंपर्यंत सर्व कांहीं कागदावर असतें. तेथें मूळ आराखडाच चुकला असें दिसलें, तर उतरलेल्या सगळ्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, आणि वेळ किंवा खर्च शंभर टक्क्यांनींही वाढूं शकतो.

निबंधाचा उरलेला सारा भाग ह्या दोषावरील उपायांचा आहे. उपाय पांच आहेत. त्यांतील दोन मला फार महत्त्वाचे वाटतात. एक, काम दोनदां करावें. ३० महिन्यांचें काम असेल, तर आधीं १० महिन्यांत त्याची एक लहान प्रतिकृति करून पाहावी, तिच्यांत चुकावें, शिकावें, आणि मग खरें काम गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावें. सुतारसुद्धां नव्या घाटाची खुर्ची करतांना आधीं हलक्या लांकडावर हात बसवितो. दुसरा उपाय, गिऱ्हाइकाला आरंभींच एकदां भेटून सोडूं नये. मध्यें मध्यें त्याला रीतसर कामांत ओढावें, त्याच्याकडून बांधून घ्यावें. आणि ‘धबधबा’ हा शब्द? तो त्या ११ पानांत कोठेंही नाहीं. १९७६ सालीं बेल आणि थेयर ह्यांच्या निबंधांत तो आढळतो, आणि तेथून पुढें तो रॉइस ह्यांच्या गळ्यांत पडला.

म्हणजे ज्या माणसानें ‘ह्या वाटेनें जाऊं नका’ असा फलक लावला, त्याच्याच नांवानें ती वाट ओळखली जाऊं लागली. १९८५ सालीं अमेरिकेच्या संरक्षण-खात्यानें आज्ञावलींच्या कामासाठीं २१६७ क्रमांकाचा नियम काढला, तेव्हां कंत्राटदारांना पायऱ्यांच्या ह्या रीतीला जणूं सरकारी मोहोरच मिळाली. तो नियम १९९४ सालीं रद्द होऊन दुसरा आला, परंतु तोंपर्यंत पायऱ्यांची संवय जगभर पसरलेली होती. ही रीत इतकी लोकप्रिय कां झाली? माझा तर्क असा आहे कीं, तिच्यांत प्रत्येक पायरीवर एक सही होते आणि एक बिल निघतें. रॉइस ह्यांची आकृति हिशेबनिसाला समजली. पुढचीं पानें वाचण्याचें त्याला कारण नव्हतें.

पुढचे दोन शब्द आपल्याला जपानकडे नेतात. ‘कानबान’ हा जपानी शब्द. त्याचा साधा अर्थ पाटी, दुकानावर लावतात तसली. टोयोटा घराण्याचें मूळ मागांत आहे. साकिची टोयोडा ह्यांनीं १९२४ सालीं सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागाची थोरवी ही, कीं सूत तुटलें कीं माग आपोआप थांबे. वाईट कापड विणतच राहत नसे. त्यांचे चिरंजीव किइचिरो ह्यांनीं १९३७ सालीं मोटारींची कंपनी काढली. महायुद्धानंतर ती दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आली. १९५० सालीं कामगारांचा मोठा तंटा झाला आणि किइचिरो ह्यांना अध्यक्षपद सोडावें लागलें. जवळ पैसा नाहीं, माल करून सांठवावयास कोठार नाहीं, अशा त्या दिवसांत कारखान्यांतील ताइइची ओनो हे अधिकारी एका गोष्टीचा विचार करीत होते. अमेरिकेंतल्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक स्वतः फळीवरून लागेल तेवढी वस्तु उचलतें, आणि जेवढी जागा रिकामी होईल तेवढीच दुकानदार भरतो, असें त्यांनीं ऐकलें होतें. कारखान्यांतही पुढच्या खात्याला गिऱ्हाईक समजावें आणि मागच्या खात्याला दुकानदार, ही त्यांची युक्ति. १९५३ सालीं त्यांनीं ती आपल्या यंत्रशाळेंत अमलांत आणली. अमेरिकेंतलीं तीं दुकानें प्रत्यक्ष पाहण्याचा योग त्यांना पुढें १९५६ सालीं आला.

तिची रीत थोडी सविस्तर सांगतों, कारण सारें मर्म तिच्यांत आहे. सुट्या भागांच्या प्रत्येक पेटीला एक पत्रिका लावलेली असते. पुढच्या खात्यानें पेटी वापरावयास घेतली कीं ती पत्रिका सुटून मागच्या खात्याकडे परत जाते. तीच त्याची मागणी. पत्रिका आली तर तेवढाच माल करावयाचा. पत्रिका नाहीं तर स्वस्थ बसावयाचें, पण माल करावयाचा नाहीं. सदोष नग पुढें पाठवावयाचा नाहीं. आणि पत्रिकांची एकूण संख्या ठरलेली. खातीं सरावलीं कीं तीही हळूहळू कमी करीत न्यावयाची. संख्या कमी झाली कीं झांकलेले दोष उघडे पडतात. एखाद्या विहिरीचें पाणी उतरलें कीं तळचे दगड दिसतात, तसें तें असतें. तेव्हां कानबान म्हणजे पाटी नव्हे, पत्रिकाही नव्हे. पत्रिकांना घातलेली मर्यादा म्हणजे कानबान.

अमेरिकेंतील डेव्हिड अँडरसन ह्यांनीं हा विचार आज्ञावलींच्या कामांत आणला आणि २०१० सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. फळ्यावर रकाने पाडावे, प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करावी, ती रकान्यारकान्यांतून पुढें सरकवावी, आणि एका रकान्यांत एका वेळीं किती चिठ्ठ्या असाव्या ह्याचा आंकडा वर लिहावा, अशी त्यांची मांडणी. मर्यादेची अट त्यांनीं सोडलेली नाहीं. पण ज्या फळ्यावर रंगीबेरंगी चिठ्ठ्यांची चळत लागलेली आहे आणि वर आंकडा मात्र नाहीं, त्याला काय म्हणावें? त्याला आमच्या वेळीं ‘राहिलेल्या कामांची यादी’ म्हणत. ती करावयास जपानला जाण्याचें कारण नव्हतें.

‘स्क्रम’ हा शब्द रग्बी ह्या इंग्रजी खेळांतला. त्यांत चेंडू हातानें पुढें फेंकण्यास मनाई आहे. तो मागच्या किंवा बाजूच्या गड्याकडे द्यावयाचा आणि सगळ्या संघानें मिळून पुढें सरकावयाचें. खेळ थांबून पुन्हा सुरू होतांना दोन्हीकडचे गडी वांकून, खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी करतात, तें स्क्रम. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका ह्या दोन जपानी प्राध्यापकांनीं १९८६ सालीं हार्वर्डच्या व्यापारविषयक नियतकालिकांत एक लेख लिहिला. कॅननचा कॅमेरा, होंडाची मोटार, फूजी-झेरॉक्सचें नकला काढण्याचें यंत्र, असल्या नव्या वस्तु कशा घडल्या, ह्याचा त्यांनीं अभ्यास केला होता. जुन्या रीतींत एक खातें आपलें काम संपवून दुसऱ्याच्या हातीं देतें, जसा टप्प्याटप्प्याच्या शर्यतींत धांवणारा पुढच्याच्या हातीं दांडा देतो. ह्या कंपन्यांनीं तसें न करतां निरनिराळ्या खात्यांतील माणसांचा एकच संघ केला आणि तो आरंभापासून शेवटपर्यंत रग्बीच्या संघासारखा एकत्र धांवला. अमेरिकेंत जेफ सदरलँड ह्यांनीं १९९३ सालीं एका कंपनींत ही उपमा आज्ञावलींच्या कामाला लावली, आणि १९९५ सालीं केन श्वेबर ह्यांच्यासह तिची पद्धति टेक्सासमधील ऑस्टिन येथील परिषदेंत मांडली. थोड्या आठवड्यांची एकेक धांव, तिला नांव ‘स्प्रिंट’. आणि रोज सकाळीं थोडक्या मिनिटांची सभा. खेळांत गडी वांकलेले असतात, कचेरींत उभे असतात, एवढाच फरक म्हणावयाचा.

परंतु त्या १९८६ सालच्या लेखाच्या शेवटीं एक परिच्छेद आहे, त्याचा उल्लेख मला क्वचितच आढळला. ही रीत सर्वत्र लागू पडणार नाहीं, असें लेखक बजावतात. अवाढव्य कामांना ती बहुधा जुळणार नाहीं, आणि संघांतील माणसांवर ती विलक्षण ताण टाकते. कामाच्या भरांत महिन्याला १०० तास आणि एरव्हीं ६० तास जादा काम केल्याच्या नोंदी त्यांना आढळल्या होत्या. शिवाय तें एका वस्तूचें काम होतें. वस्तु बाजारांत गेली कीं संघ सुटे. इकडे एक धांव संपली कीं दुसऱ्या दिवशीं दुसरी सुरू होते, आणि तिला अंत नाहीं. स्प्रिंट म्हणजे जीव खाऊन मारलेली छोटी धांव. शंभर यार्डांची शर्यत वर्षांतून २६ वेळां, एकीला लागून दुसरी अशी धांवतां येते कीं नाहीं, हें कोणत्याही शाळेच्या व्यायाम-शिक्षकास विचारावें. रात्रीं अकरा वाजतां बंद खोलींतून ज्यांच्या मुलाचा आवाज येत असतो, त्या आईबापांनीं तो परिच्छेद अवश्य वाचावयास पाहिजे होता.

‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, ह्या शब्दाचा इतिहास थोडक्यांत आटोपतों. २००१ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील युटा प्रांतीं स्नोबर्ड ह्या बर्फाळ डोंगरी ठिकाणीं १७ जण जमले आणि त्यांनीं एक छोटा जाहीरनामा काढला. सदरलँड आणि श्वेबर त्यांत होते. तोंपर्यंत असल्या पद्धतींना ‘हलक्या’ म्हणत. तें नांव कोणाला हलकें वाटूं नये, म्हणून चपळ हें विशेषण घेतलें. जाहीरनाम्याच्या जोडीला बारा तत्त्वें आहेत. त्यांतील एक असें आहे कीं, कामाची गति सर्वांना कितीही काळ टिकवितां येईल एवढीच असावी. कचेऱ्यांच्या भिंतींवर मी चपळाईचीं चित्रें पाहिलीं आहेत. हें तत्त्व लावलेलें अजून पाहिलें नाहीं.

शेवटचा शब्द आपल्याला सर्वांत जवळचा, कर्ज. वॉर्ड कनिंगहॅम हे ह्या १७ जणांपैकींच एक. १९९२ सालीं ते पेढ्यांसाठीं गुंतवणुकीच्या हिशेबाची एक आज्ञावली करीत होते. वरिष्ठांना समजावें म्हणून त्यांनीं सावकारी भाषा वापरली. आज आपल्याला विषय जेवढा समजला आहे तेवढ्यावर आज्ञावली लिहून गिऱ्हाइकाला देणें, म्हणजे कर्ज काढणें. त्यानें काम लवकर पुढें जातें, आणि वापरांतून नवें ज्ञान मिळतें. परंतु तें नवें ज्ञान घेऊन जुना मजकूर पुन्हा नीट लिहून काढला नाहीं, तर पुढच्या प्रत्येक कामाला व्याज भरावें लागतें, आणि व्याज भरतां भरतां सारें खातेंच ठप्प होतें. पेरणीसाठीं कर्ज काढून सुगीला फेडणारा कुणबी आणि व्याजांत जमीन घालविणारा कुणबी, हे दोघेही आपल्या पाहण्यांतले आहेत. कनिंगहॅम पहिल्याविषयीं बोलत होते. पुढें ‘टेक्निकल डेट’ हा शब्द असा फैलावला कीं, घाईंत केलेल्या कोणत्याही गचाळ कामाला तें भारदस्त नांव मिळूं लागलें. २००९ सालीं त्यांना एका चित्रफितींत समोर बसून खुलासा करावा लागला, कीं वाईट लिहावें आणि मग सुधारावें, असें आपण कधींच सुचविलें नव्हतें. अपुऱ्या ज्ञानावरही त्या वेळीं जमेल तितकें स्वच्छ लिहिलेलें असेल, तरच तें कर्ज पुढें फेडतां येतें.